सरांचं सिलिंडर

मी गणितात डॉक्टरेट केली ती एका एअर कंडिशनरसाठी. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी ते विनय म्हणून घेतलं. विनय वगैरे काही नाही. सत्तरच्या दशकात ज्याने नागपूरचा मे महिना काढला आहे त्याला विचारा. सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत दुपारी पंखा फिरायचा तो केवळ गरम हवा सगळ्यांना सारखी मिळावी म्हणून. अशात कळलं की कॉलेजात कॉम्प्युटर आलाय, त्याला उकडू नये म्हणून त्याच्या खोलीत गारवा ठेवतात, आणि आत जायची मुभा फक्त गणिताच्या सरांच्या संशोधक विद्यार्थ्याला आहे. सरांकडे त्या घडीला एकही विद्यार्थी नव्हता. का नव्हता, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी त्याच दुपारी त्यांच्या खोलीवर गेलो.

सर खुर्चीत बसले होते. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. उन्हात लू लागू नये म्हणून तो आपल्याकडे सगळेच बांधतात, पण सर तो घरात, वर्गात आणि नंतर मी पाहिलं तसं त्या थंडगार खोलीतसुद्धा सोडत नसत.

"काहून आला?"

"संशोधन करायचंय, सर."

"कशात?"

याची तयारी मी केली नव्हती. "आपण म्हणाल त्यात."

"सिलिंडरात करशीन?"

मी हो म्हणालो. घरी आईला सांगितलं, गॅसचं काहीतरी आहे.

सरांच्या लेखी जगात दोन प्रकारच्या वस्तू होत्या. सिलिंडर, आणि अजून सिलिंडर न झालेल्या. विहीर, कोराडीच्या वीज केंद्राची चिमणी, उसाचं कांडं, हातातला खडू, सगळं एकच. या सगळ्यांत उष्णता कशी पसरते त्याचं एक समीकरण असतं. ते समीकरण लिहिणं सोपं, सोडवणं कठीण, आणि भराभर सोडवणं हा सरांचा जन्मभराचा उद्योग. मूळचे ते वर्धेकडच्या एका शेतकरी घरातले. एम.एस्सी.ला सुवर्णपदक मिळवून आले, पण बोली गावचीच ठेवली. वर्गात इंग्रजी पुस्तक उघडं ठेवायचे आणि शिकवायचे वऱ्हाडीत. बाहेरगावची पोरं पहिल्या महिन्यात हवालदिल व्हायची आणि दुसऱ्या महिन्यात "मले समजलं ना सर" असं म्हणू लागायची.

त्यांची सांगण्याची तऱ्हा अशी. सिलिंडरमध्ये हजारो ठिकाणी तापमान शोधायचं, म्हणजे हजारो समीकरणं, आणि प्रत्येक समीकरण दुसऱ्यात गुंतलेलं. सर फळ्याकडे पाठ करून म्हणायचे, "हे एकत्र कुटुंब हाय. शंभर भाऊ, एक चूल, अन् सगळ्याईचं सगळ्याईशी भांडण. कोर्टात गेले तं जन्म जाईन. मंग काय करायचं? वाटणी करायची." मग ते वर्तुळाभोवतीच्या तापमानाचे लाटांमध्ये तुकडे पाडायचे. एकदा का लाटा सुट्या झाल्या की एका लाटेचं दुसरीशी देणंघेणं उरत नाही. "आता प्रत्येकाचं वावर वेगळं. भांडण फक्त धुऱ्यावरचं. डावीकडचा शेजारी अन् उजवीकडचा शेजारी. तिसऱ्याचं नाव नाई काढायचं. असं भांडण दुपारच्या जेवणाआधी मिटते."

आणि खरंच मिटायचं. जगभरात यावर जाडजूड ग्रंथ आहेत. मी ते पुढे वाचले. सगळ्यांत धुऱ्याचंच, म्हणजे शेताच्या बांधावरचंच, भांडण आहे, फक्त कोणी तसं म्हणत नाही.

राहता राहिला सिलिंडरचा मध्य. तिथे एक अडचण असते. समीकरणात मध्यापासूनच्या अंतराने भागायचं असतं, आणि मधोमध ते अंतर शून्य. शून्याने भागलं की सगळं मुसळ केरात. यावर सरांचा एक पक्का नेम होता. मधोमध बिंदू घ्यायचाच नाही. अर्धं पाऊल अलीकडे पहिला बिंदू घ्यायचा. तसं केलं की आतल्या शेजाऱ्याशी असलेलं भांडण शून्याने गुणलं जातं आणि आपोआप संपतं.

हा नेम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की ते पोळीसुद्धा कडेने गोल गोल खात आत यायचे आणि मधला घास ताटात ठेवायचे. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवलो तेव्हा हे पाहून चाट पडलो.

"लग्न झाल्यापासून हेच पाहून राहिली मी," काकू वाढता वाढता म्हणाल्या. "मधला तुकडा गाईले. सासू म्हणे, माह्या हातची तं पूर्ण खात होता."

"तवा मले गणित येत नव्हतं," सर म्हणाले.

"अन् आता काय दिवे लावले?"

"मधात गडबड असते वं. तुले नाई समजणार."

"मले समजते. गाय लठ्ठ झाली ते दिसते मले."

पत्ता सांगतानाही तसंच. सरांकडे कुठल्याही घराचा पत्ता दोन आकड्यांत असे. झीरो माइलच्या दगडापासून किती लांब, आणि उत्तरेपासून किती अंश वळायचं. एकदा दिवाळीत त्यांनी मला लकडगंजात त्यांच्या साडूकडे चिवड्याचा डबा पोचवायला पाठवलं. मी सायकलवर अंतर बरोबर मोजलं, कोनात जरासा चुकलो, आणि एका लाकडाच्या वखारीत जाऊन पोचलो. वखारवाल्याने डबा हसतमुखाने ठेवून घेतला, मला चहा पाजला आणि सरांना नमस्कार सांगितला. परत येऊन मी चूक सांगितली, तर सर म्हणाले, "अंतर बरोबर होतं ना? मंग अर्धा पास." साडूने पुढे वर्षभर अबोला धरला. तोही सरांना अर्धाच जाणवला असावा.

आता कॉम्प्युटरबद्दल. तो खोलीभर होता आणि मुख्यतः पगारपत्रकं छापायचा. त्याच्यावर पगार विभागाच्या बाबूंची मालकी होती. जाड चष्म्याचे, शिस्तीचे गृहस्थ. सरांना दुपारी जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं मिळायची, ती बाबूंचा डबा संपेपर्यंत. भराभर सोडवण्याचं सरांचं वेड इथे कामाला यायचं. ज्या गणिताला दुसऱ्या कोणाचा अख्खा दिवस गेला असता ते सरांच्या वाटणीने बाबूंची भाजी संपायच्या आत व्हायचं. उरलेला वेळ सर खुर्चीत डोळे मिटून बसायचे. मी त्याला चिंतन समजायचो. एकदा घोरले तेव्हा कळलं की आम्हा दोघांचं संशोधन एकाच कारणासाठी चाललं आहे.

माझ्या प्रबंधाचा विषय कोराडीहून आला. तिथल्या वीज केंद्रात टर्बाइनचा एक भरीव पोलादी दंड असतो. थंड दंडावर एकदम गरम वाफ सोडली तर बाहेरून तापतो, आतून थंड राहतो आणि तडकू शकतो. तेव्हा बाहेरून आत उष्णता किती वेळात जाते ते काढायचं. सर स्वतः बसने कोराडीला गेले. संध्याकाळी परतले ते राखेने करडे होऊन, अन् भयंकर चिडून.

"काय झालं, सर?"

"त्याईले म्हटलं, दांड्याले मधात एक छोटंसं भोक पाडून द्या. थर्मामीटर घालून पाह्यतो. उत्तर बरोबर हाय का नाई ते समजन."

"मग?"

"चहा पाजला अन् बसमध्ये बसवून देल्लं."

म्हणजे माझ्या प्रबंधात आकडे भरपूर होते, पण ते खरे की खोटे हे सांगणारा दंड कोराडीलाच राहिला.

शेवटच्या वर्षी गोष्ट गळ्याशी आली. कॉलेजात व्याख्यात्याची एक जागा निघाली होती, मुलाखत पुढच्याच आठवड्यात, आणि अट डॉक्टरेटची. तोंडी परीक्षेला मद्रासहून एक प्राध्यापक येणार होते. त्यांनी दुपारी अहवालावर सही करायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. सही झाली तर मी व्याख्याता. नाही झाली तर वय उलटून जाणार होतं, आणि पुढची जागा कोणी निवृत्त झाल्याशिवाय निघणार नव्हती. त्या विभागात सगळ्यांच्या तब्येती उत्तम होत्या.

अशा वेळी गप्प बसावं. मला सुधारणा सुचली. माझ्या मनाने घेतलं की मद्रासचे प्राध्यापक हमखास विचारणार, दंडाच्या मधोमध तापमान किती? आणि आमच्याकडे मधोमध बिंदूच नाही. केवढी नामुष्की. सरांचं अर्धं पाऊल म्हणजे पोळीच्या घासासारखी म्हाताऱ्याची लहर, असं ठरवून मी परीक्षेच्या आदल्या दिवशी पंच कार्डं, म्हणजे भोकं पाडून यंत्राला गणित सांगायची कार्डं, बदलली. पहिला बिंदू थेट मध्यावर आणला. शून्याने भागायला नको म्हणून शून्याच्या जागी अगदी बारीक, मुंगीच्या पायाएवढा आकडा घातला. स्वतःवर इतका खूष झालो की त्या दिवशी पान खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सर मद्रासच्या पाहुण्यांना घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत आले. पाहुणे सडपातळ, कपाळावर गंध, बोलणं मोजकं आणि इंग्रजीत. सर त्यांना म्हणाले, "यू सी, व्हेरी फास्ट," आणि मला म्हणाले, "चालव गा."

यंत्र घरघरलं. प्रिंटरने कागद ओकला. पाहुण्यांनी तो उचलून पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला आणि सरांपुढे धरला. दंडाच्या बाहेरच्या गोल कड्यांवर धड आकडे होते. त्यांच्या आत आकडे शून्याच्या खाली गेले होते, म्हणजे दंडावर बर्फ जमला होता. आणि मधोमध आकडाच नव्हता, नुसत्या चांदण्या छापल्या होत्या.

"हे मधात काय उगवलं?" सरांनी हळूच विचारलं.

"आकडा मावला नाही सर. फार मोठा झाला की यंत्र चांदण्या छापतं."

"तू मधात गेला."

मी गठ्ठ्यातली बदललेली दोन कार्डं काढली.

"मे महिन्यात, नागपुरात, वाफेच्या दांड्यात याने बर्फ जमवला," सर काकुळतीने छताकडे बघत म्हणाले. "याले डॉक्टरेट काहून द्याची? कुल्फीचं लायसन द्या." मग एकदम आवाज बदलून, "बाबूचं कुठवर आलं?"

मी दाराच्या काचेतून पाहिलं. "वरण-भातावर आहेत."

"मंग वेळ हाय. पळ."

मी पळालो. दोन कार्डं पुन्हा पंच केली, अर्धं पाऊल जिथल्या तिथे नेलं आणि गठ्ठा परत यंत्रात घातला. दुसऱ्या कोणाच्या पद्धतीने एवढ्यात दुसरी फेरी सुरूही झाली नसती. बाबू हात पुसत दारात येऊन उभे राहिले तेव्हा प्रिंटर शेवटची ओळ छापत होता. आकडे सुरेख होते. बाहेरून आत शहाण्यासारखे उतरत गेलेले.

"आणि मधोमध?" पाहुण्यांनी विचारलंच.

सरांकडून मी सगळं गणित वऱ्हाडीत शिकलो होतो, इंग्रजी शब्द एक आठवेना. "नोबडी लिव्हज देअर, सर," मी म्हणालो.

सर पुढे झाले. "मधल्या घेऱ्यावरच्या सगळ्याईले विचारा, सरासरी काढा. तेच मधलं उत्तर," असं त्यांनी आपल्या इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी पेन्सिलीने तिथल्या तिथे पडताळलं, आणि मान हलवली. कशी हलवली ते मला समजलं नाही. मद्रासकडे होकार आणि नकार एकाच दिशेने हलतात.

"जलद आहे, हे मान्य," ते शेवटी म्हणाले. "पण खरं कशावरून? या दंडात कोणी थर्मामीटर घातलाय? कुठल्याच प्रयोगाशी मेळ नाही. मला विचार करू द्या. जेवणानंतर सांगतो."

आणि अहवाल त्यांनी कोराच पिशवीत ठेवला.

जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. आता सगळी भिस्त या जेवणावर, हे ओळखून मी त्यांना आणि सरांना सक्करदऱ्यातल्या, तिखटासाठी नावाजलेल्या एका सावजी भोजनालयात नेलं. पाहुणे शाकाहारी, म्हणून पाटवडी रस्सा सांगितला. सावजीचा मी स्वतःला मोठा दर्दी समजायचो. खरं म्हणजे आमच्या घरी वरणात मिरची नावाला, आणि इथे येऊन मी रश्श्याला पोळीचा कोपरा लावून भुवया उंचावायचो इतकंच. तरी ऐटीत मालकाला म्हणालो, "पाहुणे मद्रासचे आहेत. तिखटाचं त्यांना काही नवं नाही. जरा नागपूर दाखवा."

मालकाने माझ्याकडे नीट पाहिलं. "पाहा बरं साहेब. मंग म्हणसान, सांगितलं नाई."

"तुम्ही आणा हो."

काळपट लाल रश्श्याच्या वाट्या आल्या. वर बोटभर तर्री, म्हणजे तिखट तेलाचा तवंग. पाहुण्यांनी विचारलं, हे कसं खातात? आणि मी, ज्याचं अख्खं भविष्य त्या माणसाच्या पेनात होतं तो मी, म्हणालो, "तुमच्या रसमसारखंच समजा, सर."

रसम पितात. त्यांनी वाटी उचलली आणि एका दमात रिकामी केली.

पुढे काही क्षण काहीच झालं नाही. मग त्यांच्या कपाळावरचं गंध वाहू लागलं. डोळे, नाक, कान यांनी आपापल्या परीने निषेध नोंदवला. उचकी लागली. त्यांनी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. मी पाणी, दही, साखर, जे सापडेल ते पुढे ढकलत होतो आणि मनातल्या मनात त्या जागेवर दुसरा कोणी रुजू झालेला पाहत होतो.

सर मात्र शांत होते. ते पाहुण्यांकडे टक लावून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी कधी न पाहिलेला आनंद पसरला.

"प्रयोग पाह्यजे होता ना?" ते मला म्हणाले. "हा काय बसला."

"सर?"

"पोट म्हंजे सिलिंडर धर. मधात आग, बाहेरून दही. कवा थंड होईन ते काढ. सुतळी आण गा," त्यांनी मालकाला हाक मारली.

मालकाने सुतळी आणली, आणि माझ्या डोळ्यांदेखत सरांनी विद्यापीठाच्या परीक्षकांच्या कमरेचं माप घेतलं. पाहुण्यांना विरोध करायचा होता, पण उचकीत तो बसेना. सरांनी टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद ओढला, त्यावर पोटाची गोल कडी आखली, पहिला बिंदू अर्धं पाऊल अलीकडे घेतला आणि मला आकडेमोडीला जुंपलं. मी धुऱ्यावरची भांडणं एकेक मिटवत गेलो. वाटणी झालेली असल्यामुळे ती कागदावरही भराभर मिटत होती.

"साडेपाच," मी म्हणालो.

पाहुण्यांची गाडी त्याच सुमाराची होती. त्यांनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसरा हात पेन्सिलीसाठी पुढे केला. मला वाटलं, नापास लिहितात. त्यांनी माझ्या आकृतीच्या खालच्या रेषेवर फुली मारली आणि शेजारी इंग्रजीत लिहिलं, तळ बंद धरला आहे. तो बंद नसतो.

सरांनी ते वाचलं. सरांना चुकलं म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. कॉलेजच्या प्राचार्यांनीही तो प्रयत्न सोडून दिला होता. सरांनी त्या फुलीवर बोट टेकवलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तळ उघडा घे. पुन्हा काढ."

मग दोघे दोन बाजूंनी माझ्यावर वाकले. एक वऱ्हाडीत सांगत होते, दुसरे उचक्यांमधून खुणांनी. मी दोघांच्या मधे घामाघूम. नवं उत्तर चारच्या आसपास आलं. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून दह्याच्या वाटीला टेकवून उभं केलं, आणि आम्ही तिघं, मागे मालक आणि त्याचे दोन वाढपी, असे सगळे त्या घड्याळाकडे बघत बसलो.

चारला थोडा वेळ असताना उचकी थांबली. पाहुण्यांनी पोटावरून एकदा हात फिरवला, डावीकडून उजवीकडे, जणू एकेक कडं तपासत. काटा चार ओलांडून थोडा पुढे गेला. त्यांनी लांब श्वास घेतला.

"आता," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण होता.

त्यांनी पिशवीतून अहवाल काढला, भोजनालयाच्या टेबलावरच लिहिला आणि सही केली. मी तिरक्या नजरेने शेवटचं वाक्य वाचून घेतलं. पद्धत जलद असून प्रत्यक्ष प्रयोगाशी तिचा मेळ समाधानकारक आहे.

मी सरांच्या पाया पडलो. मग पाहुण्यांच्या पडलो. मालकाच्याही पडणार होतो, पण तो वाटी उचलत म्हणाला, "आणखी काही आणू का साहेब?"

"आण," सर म्हणाले. "रस्सा आण. एका प्रयोगावर भरोसा ठेवून चालत नाई. निदान दोन तरी पाह्यजे." त्यांनी मद्रासकडे पाहिलं. मद्रासने मान हलवली, आणि या खेपेला ती कुठल्या दिशेने हलली ते मला स्वच्छ समजलं. "अन् हा सकाळपासून भीतीनं उपाशी हाय. म्हंजे पोकळ सिलिंडर. त्याचं गणित वेगळं राह्यते."

सरांनी सुतळी पुन्हा हातात घेतली. पाहुण्यांनी पेन्सिलीला टोक केलं. वाटी माझ्यापुढे आली.

"प्या, डॉक्टरसाहेब," सर म्हणाले. मला त्या नावाने हाक मारणारे ते पहिले. त्यांना उत्तर द्यायला मला साडेसात वाजले.